राजाला नक्की कुठला कॅन्सर? (आईच्या कट्ट्यावरचं भांडण, कोणीतरी सोडवा)

अबोली_ठाणे
मंडळी, प्रश्न खुळचट वाटेल पण घरात आठवडाभर यावरून धुसफूस चालू आहे म्हणून विचारते. आमची आई ७४ ची. रोज संध्याकाळी सोसायटीच्या गेटजवळच्या बाकड्यावर तिचा आणि मैत्रिणींचा कट्टा भरतो, आणि विषय ठरलेले, पेपरात आज काय आलं, कोणाची शुगर किती, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आणि शेवटी इंग्लंडचं राजघराणं. हो, राजघराणं! डायनाच्या लग्नापासून फॉलो करतायत या बायका. स्वतःच्या चुलतभावांच्या नातवंडांची नावं आठवत नाहीत पण राजाच्या नातवंडांचे, जॉर्ज, शार्लट आणि लुईचे वाढदिवस तोंडपाठ (२२ जुलै, २ मे, २३ एप्रिल. ऐकून ऐकून मलाही पाठ झालेत, काय सांगू.)

तर वाद असा, की खालच्या मजल्यावरच्या काकू ठामपणे म्हणतात राजा चार्ल्सला प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर आहे. आई म्हणते छे, प्रोस्टेटचं दुखणं वेगळं आणि कॅन्सर वेगळा. मग गाडी त्याच्या सुनेवर, केटवर आली. काकूंचं म्हणणं तिला कॅन्सर नव्हताच मुळी, "प्रिव्हेंटिव्ह" केमो होती म्हणजे लस टोचल्यासारखी आधीच देऊन ठेवली. यावर आई इतकी चिडली की दोन दिवस खाली गेलीच नाही. मला वाटतं हे लोक अर्धवट सांगतात म्हणून हा सगळा घोळ. सांगायचं तर नीट सांगा नाहीतर गप्प बसा ना. तर खरं काय आहे, आणि असं अर्धंच का सांगतात?

रेडिंगकर
आईंना सांगा त्या जिंकल्या. मी इथे इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आहे, हे सगळं समोर घडलं. जानेवारी २०२४ मध्ये आधी जाहीर झालं की राजाचं प्रोस्टेट वाढलंय. साधं वाढलेलं, नोव्हेंबर १९४८ चा जन्म त्याचा, त्या वयात अगदी कॉमन. त्या उपचारांच्या वेळी दुसरंच काहीतरी दिसलं, टेस्ट झाल्या, आणि ५ फेब्रुवारीला निवेदन आलं की कॅन्सर आहे. प्रोस्टेटचा नाही एवढं सांगितलं, मग कुठला ते आजतागायत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने स्वतः टीव्हीवर सांगितलं की लवकर कळल्यामुळे आता नव्या वर्षात उपचार कमी करता येणार आहेत. तेव्हाही कुठला ते नाहीच.

पण अर्ध्या बातमीचाही उपयोग होतो बरं का. प्रोस्टेटचं जाहीर झालं त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात, एरवी हवामान आणि फुटबॉल सोडून तोंड न उघडणारे पन्नाशीचे बाप्ये, कॅन्टीनमध्ये सँडविच खाताना रात्री किती वेळा उठावं लागतं याची चर्चा करत होते. त्यातल्या दोघांनी खरंच डॉक्टर गाठला. सरकारी आरोग्यसेवेच्या वेबसाइटवर त्या पानाच्या भेटी त्या दिवशी कैक पटींनी वाढल्या होत्या.

उलटी बाजूही आहेच. केटचं पोटाचं ऑपरेशन झालं, मग ती दिसेचना, आणि लोकांनी काय वाट्टेल ते पसरवलं. १० मार्चला इथल्या मदर्स डेला मुलांबरोबरचा फोटो टाकला तर शार्लटच्या स्वेटरची बाही मनगटाजवळ अर्धी गायब! मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी फोटो मागे घेतला, दुसऱ्या दिवशी तिने एडिटिंग केल्याबद्दल माफी मागितली. मग २२ मार्चला बिचारीने बाकावर बसून व्हिडिओ केला की कॅन्सर सापडलाय, केमो चालू आहे, आणि मुलांना समजावून सांगायला वेळ हवा होता. तीन मुलं, मोठा दहा वर्षांचा. माझी मुलगी तेव्हा त्याच वयाची होती, त्यामुळे तो व्हिडिओ बघताना मी जरा हललोच.

कशाला_उगाच
आमच्याकडे पाच दिवस झाले टँकर आलेला नाही आणि इथे राजाच्या प्रोस्टेटवर परिसंवाद. चालू द्या.

पंचगंगाकाठ
@कशाला_उगाच, टँकरचा वेगळा धागा काढा, तिथेही येतो भांडायला. :)

अबोलीताई, अर्धं सांगायची त्या घराण्याची जुनीच रीत आहे, किंबहुना आता खूपच सांगतात म्हणायचं. सहावा जॉर्ज, म्हणजे एलिझाबेथचे वडील, त्यांचं फुफ्फुस २३ सप्टेंबर १९५१ ला काढलं, तेही बकिंगहॅम पॅलेसमध्येच एका खोलीचं ऑपरेशन थिएटर करून. कॅन्सर होता. पण बुलेटिनमध्ये काय लिहिलं, तर फुफ्फुसाच्या "रचनेत बदल" झालेत! हे कागद फाटकावर टांगायचे आणि लोक गर्दी करून वाचायचे. खुद्द राजालाही कॅन्सर हा शब्द कोणी सांगितला नव्हता. ६ फेब्रुवारी १९५२ ला झोपेतच गेले, वय अवघं ५६. आता हसायचं तरी कोणत्या तोंडाने, माझ्या आजोबांना आम्ही शेवटपर्यंत "अल्सर आहे" म्हणूनच सांगत होतो, आणि त्यांनीही शेवटपर्यंत आम्हाला कळलंय असं दाखवलं नाही.

त्याच्या आधीचा किस्सा तर फारच भारी. पाचवा जॉर्ज, ज्याच्यासाठी आपलं गेटवे ऑफ इंडिया बांधलं (तो १९११ ला येऊन गेला, गेटवे पूर्ण झालं १९२४ ला), तो जानेवारी १९३६ मध्ये मरणपंथाला लागला. डॉक्टर लॉर्ड डॉसनने बुलेटिन काढलं की राजाचं आयुष्य शांतपणे अखेरीकडे चाललंय. आणि मग स्वतःच मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शनं दिली, एक कारण असं की मरणाची बातमी सकाळच्या प्रतिष्ठित पेपरात आधी यावी, संध्याकाळच्या फुटकळ पेपरात नको! हे त्याच्याच टिपणांतून १९८६ मध्ये बाहेर आलं, पन्नास वर्षांनी.

आणि एक आमच्या गावाचं सांगतोच, राहवत नाही. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरलेला. दोन दिवस आधी ॲपेंडिक्सच्या दुखण्यामुळे ऑपरेशन करावं लागलं, सगळा थाटमाट पुढे ढकलून ९ ऑगस्टला. आपले शाहू महाराज त्या समारंभासाठी इंग्लंडलाच होते, आणि २६ जुलै १९०२ चा तो ५० टक्के राखीव जागांचा करवीरचा जाहीरनामा नेमका याच मधल्या काळातला. म्हणजे तिकडे राजा पोटाचे टाके सांभाळत पडलेला आणि इकडे कोल्हापुरात केवढी मोठी गोष्ट घडलेली.

चर्चगेट_स्लो
आईंच्या कट्ट्याला माझ्याकडून एक ट्रिव्हिया. आपले मुंबईचे डबेवाले हॅरीच्या लग्नाला गेले होते ना विंडसरला?

पंचगंगाकाठ
हॅरीच्या नाही हो, चार्ल्स आणि कॅमिलाच्या, एप्रिल २००५. त्याआधी २००३ मध्ये चार्ल्स चर्चगेटला येऊन डबेवाल्यांना भेटला होता, त्याची ओळख ठेवून दोघांना बोलावलं. ते लग्न पण ८ एप्रिलला होतं, पण त्या दिवशी पोपचा अंत्यविधी आला म्हणून ९ ला केलं. हॅरीच्या वेळी २०१८ मध्ये इथूनच पैठणी वगैरे आहेर झाला, आणि २०२३ च्या राज्याभिषेकाला पुणेरी पगडी आणि उपरणं. आहेराला आपण कमी पडत नाही.

चर्चगेट_स्लो
अर्र, बरोबर. केट २०१६ ला ओव्हल मैदानावर सचिनच्या बॉलिंगवर बॅट फिरवून गेली ते तरी खरं ना? माझा मावसभाऊ पोलिसांच्या दोरीपलीकडे दीड तास उन्हात उभा होता, त्याला फक्त ड्रेस दिसला.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, राजघराण्यातलं फारसं कळत नाही पण केटचं का उशिरा कळलं आणि प्रिव्हेंटिव्ह म्हणजे काय ते सांगू शकते.

सर्जनने काढलेला तुकडा आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या डबीत येतो. तो साधारण रात्रभर तरी त्यात मुरावा लागतो, मोठा असेल तर जास्त. मग डॉक्टर त्याचे छोटे तुकडे निवडतात, त्यातलं पाणी काढून वितळलेल्या मेणात त्याचा ब्लॉक बनतो, आणि गार झाला की मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, तीन-चार मायक्रॉनचे (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) काप. तो काप कोमट पाण्यावर तरंगतो ना, दुधावरची साय पण जाड वाटेल त्यापुढे. नुसता श्वास जोरात सोडला तरी सुरकुततो. तो स्लाइडवर अलगद उचलायचा, जांभळा-गुलाबी रंग द्यायचा, तेव्हा कुठे डॉक्टर बघणार. शंका आली तर आणखी वेगळे रंग, त्याला अजून दिवस. आणि इथे घरचे तिसऱ्या दिवसापासून खिडकीशी उभे, "मॅडम नुसतं चांगलं का वाईट एवढं सांगा ना". आम्हाला सांगता येत नाही हो. चेहरा कोरा ठेवायचा हाच नोकरीतला सगळ्यात अवघड भाग.

तर केटचं ऑपरेशन झालं तेव्हा कॅन्सर नसेल असंच वाटत होतं, तपासणीत निघाला. त्यामुळे काकूंची लसवाली थिअरी बाद. सर्जनने दिसलं ते काढलं, पण नजरेला आणि स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी कुठे उरल्या असतील तर त्यांच्यासाठी नंतर केमो देतात. डॉक्टरी भाषेत ॲडज्युव्हंट. सप्टेंबर २०२४ ला तिची केमो संपली आणि जानेवारी २०२५ मध्ये रेमिशनमध्ये आहे म्हणून तिने सांगितलं. रेमिशन म्हणजे "कायमची बरी" असं नाही, पण तपासण्यांत आता आजार दिसत नाही. फॉलोअप चालूच राहतो.

अबोली, एक विचारू का? आई दोन दिवस खाली का गेल्या नाहीत नक्की?

अबोली_ठाणे
@स्लाइडवाली, तू बरोबर ओळखलंस गं. इथे लिहायचं नव्हतं पण नावगाव नाहीये तर लिहिते. आईची ओव्हरीची गाठ काढली, तीन आठवडे झाले. कट्ट्यावर सांगितलंय की भावाकडे नाशिकला गेले होते. रिपोर्ट आठ दिवसांत देतो म्हणाले, मग म्हणाले अजून एक टेस्ट लावलीये, मग फोनच उचलेनात, मी रोज लंचमध्ये फोन लावतेय. घरात कोणी त्या विषयावर बोलत नाही, आई फक्त केटचे व्हिडिओ बघते. त्या बाकावरच्या व्हिडिओचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. मी वर जे "सांगायचं तर नीट सांगा नाहीतर गप्प बसा" लिहिलं ना, ते राजाला नव्हतंच बहुतेक.

रेडिंगकर
अबोली, फोनवर नको, उद्या हाफ डे टाका आणि स्वतः जाऊन उभ्या राहा. आणि भावाला सोबत न्या, एकट्या जाऊ नका.

स्लाइडवाली
जादा टेस्ट लावली म्हणजे वाईटच असं अजिबात नाही हां. बरेचदा साधंच आहे याची खात्री करायला पण लावतात. जाताना केस नंबरची पावती ने, नावाने शोधायला वेळ लागतो. आणि कळव.

कशाला_उगाच
ताई, आधीच्या कमेंटबद्दल सॉरी. माझी आई पण ठाण्यातच असते, गाडी-बिडी लागली तर इथे लिहा.

अबोली_ठाणे
चार दिवसांनी लिहितेय. रिपोर्ट आला. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. दादाने कागद वाचला आणि तिथेच जिन्यावर बसला. आईला सांगितलं तर आधी म्हणाली "मला माहीत होतं" आणि मग बाथरूममध्ये जाऊन पंधरा मिनिटं बाहेर आली नाही, नुसता नळ चालू.

संध्याकाळी तिने चष्मा लावून स्वतः ग्रुपवर टाइप केलं, मला हात लावू दिला नाही. जसंच्या तसं देतेय: "नमस्कार. मी नाशिकला गेले नव्हते. छोटे ऑपरेशन झाले. तब्येत चांगली आहे, टाके निघाले. सोमवारपासून खाली येईन. कोणी भेटायला आल्यास पेढे आणू नयेत, शुगर १८० आहे. केटला कॅन्सर होता."

काकूंचा दोन मिनिटांत रिप्लाय: "कसले ऑपरेशन ते लिहिले नाही??" आईने वाचला, निळ्या टिका होऊ दिल्या आणि फोन पालथा ठेवून मालिका लावली.

कशाला_उगाच
टँकर आला. पेढे इकडे पाठवा.