15 वर्षांची गाडी: पासिंग करून घेऊ की काढून टाकू?

खटावकर: 2010ची पेट्रोल हॅचबॅक, 92 हजार किमी. आरसीची (नोंदणीची) 15 वर्षं भरत आलीत. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढेपर्यंत एसी बंद ठेवतो, नाहीतर इंजिनच्या तापमानाचा काटा वर. मागच्या डाव्या दाराखाली बोट फिरवलं की गंजाचा पापुद्रा हातात येतो. मेस्त्री म्हणतो इंजिन ठणठणीत. बायको म्हणते एअरबॅग एकही नाही. दोघंही खरंच बोलतात, हीच पंचाईत! नवी म्हणजे सात-आठ लाख आणि हप्ते. काय करावं?

पाकोळी: वर्षाला पाच-सहा हजार किमीच चालवत असाल तर हप्ते कशाला? फिटनेस तपासणी करून घ्या, फी आणि पर्यावरण कर भरा, नोंदणीची आणखी 5 वर्षं मिळतात.

ग्रीसवाला: काटा वर जातो ते रेडिएटर चोंदल्यामुळे असेल, नाहीतर थर्मोस्टॅट. किरकोळ काम. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉल येतं, त्यानं खराब होऊ शकतात म्हणून इंधनाचे जुने रबरी पाइपही बघून घ्या. पण गंज! आधी लिफ्टवर चढवून खालून बघा. दाराचा पत्रा बदलता येतो, सांगाडा नाही.

जुनाबाजार: काढलीत तर शोरूमच्या एक्स्चेंजआधी बाहेर दोन ठिकाणी भाव काढा.

खटावकर: आज चढवली. मेस्त्रीनं दाराखालच्या पट्टीत, म्हणजे सांगाड्यातच, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत. दोघंही गप्प. मग त्यानंच चहा मागवला. घरी अजून बोललो नाहीये, टेस्ट ड्राइव्हची वेळ तेवढी घेतलीय. सहा एअरबॅगवाली.