हाताने बांधलेली फास्ट गाडी : तुमचा अनुभव लिहा

पद्मिनीवाला :
धागा काढायचं कारण म्हणजे माझी पद्मिनी सहा वर्षांनी परवा पुन्हा सुरू झाली आणि तो आवाज ऐकून रात्री झोपच नाही लागली. ज्यांनी कंपनीची गाडी आहे तशी ठेवली नाही, इंजिन खोललं, ताकद वाढवली, त्या सगळ्यांनी इथे लिहा, दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.

माझ्यापासून सुरुवात. १९८४ ची पद्मिनी, बाबांची, १०८९ सीसी, कंपनीचे ४० बीएचपी, गियर स्टेअरिंगला. ९१ साली नोकरी लागली तसा मी दर सुट्टीला कुर्ल्याला सीएसटी रोडवर स्पेअरच्या दुकानांत. हेड फेस केलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाची खालची बाजू घासून घेतली, की कॉम्प्रेशन वाढतं एवढं कळलं होतं म्हणून करून आणलं, तर जरा जास्तच घासलं गेलं आणि चढावर डब्यात खडे हलवावेत तसं नॉकिंग. मग ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं, गॅसकेट जाड टाकलं, हेडचे पोर्ट, म्हणजे हवा आणि धूर जायचे मार्ग, चार रात्री बसून पॉलिश पेपरने हाताने गुळगुळीत केले, बोट फिरवून बघायचं, कुठे अडतंय का. पुढच्या महिन्यात बोरघाटात जिथे दुसरा गियर टाकावा लागायचा तिथे तिसऱ्यावर चढली. बाबा शेजारी होते, बोलले काहीच नाहीत, फक्त खिडकीची काच खाली केली.

उद्यमनगर :
काका, काच खाली केली हे वाचून अंगावर काटा आला. आमचं कोल्हापुरात लेथचं दुकान, शाळेत असल्यापासून हात काळेच. माझी ९८ ची झेन, ९९३ सीसी कार्बोरेटरवाली, तिच्यात एस्टीमचं १२९८ सीसी एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं इंजिन बसवलं. दोन्ही जी सिरीजचीच इंजिनं, त्यामुळे लोकांना वाटतं उचललं आणि ठेवलं, पण तसं नसतंय. इंजिन दोन दिवसांत बसलं, वायरिंगला तीन महिने गेले. ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर आला, सेन्सर आले, टाकीत प्रेशरचा पंप आला. एका इलेक्ट्रिशियनने इग्निशनची वायर फ्यूज न टाकता थेट जोडली, डॅशखालून धूर, वायरिंगचा अख्खा हार्नेस जळाला. दुसरा मी स्वतः ओढला, प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी लावून.

साडेसातशे किलोच्या आसपासच्या गाडीला ८५ बीएचपी म्हणजे नाद खुळा विषय, दुसऱ्या गियरला स्टेअरिंग हातातून ओढून घेते. पण भावांनो, इंजिनाच्या आधी ब्रेक बदला. मी उलटं केलं होतं आणि एकदा उसाच्या ट्रॉलीच्या मागे गाडी थांबता थांबता हातभर अंतर राहिलं, ते अजून डोळ्यासमोर आहे. आणि आरटीओची परवानगी आधी, आरसीवर नवा इंजिन नंबर चढलाच पाहिजे. शिवाय ही ॲल्युमिनियमची इंजिनं, रेडिएटरला नळाचं पाणी घालू नका, कूलंटच घाला, गरम झालं की हेड वाकतं.

फॉर्म्युलावाली :
माझी स्वतःची गाडी नाहीये अजून, पण कॉलेजच्या टीममध्ये आम्ही पंचवीस जणांनी एक फॉर्म्युला स्टुडंट गाडी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठीची छोटी रेसिंग कार, शून्यातून बांधली, त्याबद्दल लिहिते. इंजिन केटीएम ३९० बाइकचं, ३७३ सीसी, चाकणला बनणारं. नियम असा की सगळी हवा २० मिमीच्या भोकातूनच आत गेली पाहिजे, म्हणजे ताकद तिथेच दाबलेली, बाकी सगळं तुमच्या डोक्यावर. चासीचे पाइप एकमेकांवर नीट बसावेत म्हणून टोकं माशाच्या तोंडासारखी कापायची, मी एकटीने चाळीसेक कापली, फट दिसली की वेल्डर दादा परत पाठवायचे.

स्पर्धा कोइमतूरला करी स्पीडवे या रेसट्रॅकवर, तिथे तपासणीत गाडी ड्रायव्हरसकट ६० अंशात तिरकी करतात, एक थेंबही गळता कामा नये. आमचा कूलंटचा एक थेंब गळला, एकच. क्लॅम्प बदलून परत रांगेत, दुसऱ्यांदा कोरडी निघाली. मग ब्रेक टेस्ट, चारही चाकं एकदम लॉक व्हायला हवीत, आणि झाली ती! २२ किमीच्या एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे शेवटपर्यंत टिकायच्या शर्यतीत, सोळाव्या किमीला चेन तुटली. रडलो सगळे. पण ती गाडी अजून कॉलेजच्या वर्कशॉपात आहे, कधीही गेले की आधी तिच्यापाशी जाते.

स्टुटगार्टहून :
मूळचा साताऱ्याचा. इथे जुनी माझदा एमएक्स-५ घेतली, सस्पेन्शन बदललं. इथे बदललेला पार्ट इन्स्पेक्टरकडून तपासून कागदावर चढवावा लागतो, त्याने एक चाक रॅम्पवर चढवून टायर कुठे घासतंय का ते टॉर्चने बघितलं. पहिल्यांदा राग आला होता, आता पटतं, कारण त्याच गाडीने मी नॉर्डश्लाइफवर, न्यूर्बुर्गरिंगच्या जुन्या रेसट्रॅकवर, जातो. २०.८ किमीचा एक राउंड, तिकीट काढून कोणीही जाऊ शकतं, एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला रस्ता ओला. उताराची वळणं आली की मला यवतेश्वरचा घाट आठवतो, दरवेळी.

पद्मिनीवाला :
वाचून फार बरं वाटलं. ताई, चेन परत चढवा. उद्यमनगर, एक काम होतं, पद्मिनीची पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे बुश बाजारात मिळतात ते सहा महिन्यांत झिजतायत, गनमेटलचे करून मिळतील का?

उद्यमनगर :
करू की काका. जुना बुश पाठवा, आणि पिन पण सोबत द्या, नुसत्या बुशवर क्लिअरन्स कळत नाही.