केवळ सर्टिफिकेट पाहून स्क्रम मास्टर नेमावा का?

गडभटक्या
माझं मत: ज्याने टीममध्ये बसून कोडही लिहिला नाही आणि टेस्टिंगही केलं नाही, त्याला स्क्रम मास्टर (सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत करायची 'स्क्रम' पद्धत टीममध्ये नीट चालवणारा) नेमू नये. स्क्रम अलायन्स या संस्थेचं सीएसएम (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) हे सर्टिफिकेट कसं मिळतं? साधारण दोन दिवसांचा कोर्स, मग ५० प्रश्नांची परीक्षा. ३७ उत्तरं बरोबर आली की पास. पुढे दर दोन वर्षांनी फी भरून नूतनीकरण. बिघडलेला स्प्रिंट (काही आठवड्यांचा कामाचा टप्पा) कधी सावरलाय का, हे यात कुणीच तपासत नाही. नोकरीच्या जाहिरातीत मात्र ही पहिली अट!

याचे परिणाम स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या १५ मिनिटांच्या बैठकीत दिसतात. काम कळत नसलेला माणूस 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' याच्यापुढे जाऊ शकत नाही. त्यात डिलिव्हरी मॅनेजर येऊन बसले की सगळे त्यांच्याकडे बघून हजेरी देतात. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या 'स्क्रम गाइड'च्या २०२० च्या आवृत्तीतून ते तीन प्रश्न काढूनही टाकलेत. ती १५ मिनिटं डेव्हलपर्सनी आपसात दिवसाची आखणी करायची आहेत.

अबोली
असहमत. मी टेस्टर होते, मूल झाल्यावर काही वर्षं घरी होते. परत अर्ज करू लागले तेव्हा सीएसएम केल्यावरच कंपन्यांचे फोन यायला लागले. ज्यांच्या ओळखी नाहीत त्यांना निदान मुलाखतीपर्यंत तरी ते नेतं.

दुसरं, कोड येणारा स्क्रम मास्टर चांगलाच असतो हे मला पटत नाही. असे लोक प्लॅनिंगमध्ये काम किती मोठं याचा अंदाज (तो पॉइंटमध्ये देतात) स्वतःच सांगून मोकळे होतात. 'हे तर तीन पॉइंटचं काम' असं सीनियरने म्हटलं की नवीन मुलगी आठ म्हणायला धजत नाही, आणि तिचंच बरोबर निघतं. मला कोड येत नाही म्हणून मी विचारते, आणि विचारल्यावर लोक बोलतात.

बंगळुरूकर
दोघंही सर्टिफिकेटवर भांडताय, पण आमच्याकडे खरं दुखणं प्रॉडक्ट ओनरचं (कोणतं काम आधी करायचं ते ठरवणारा) आहे. तो शिकागोत. इथे त्याचा प्रॉक्सी (त्याच्या जागी बसणारा), ज्याला एक स्टोरीही (कामाचा एक तुकडा) मागेपुढे करायचा अधिकार नाही. क्लायंटसाठी डेली (तोच रोजचा स्टँडअप) त्यांच्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात आणि त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. जेवणाच्या वेळी दिवसाची आखणी कसली करणार? डेली आपल्या सकाळी, फक्त टीमपुरती ठेवा. क्लायंटला स्प्रिंटअखेर झालेलं काम दाखवायच्या रिव्ह्यूला बोलवा. शुक्रवारी रात्रीचा रेट्रो (स्प्रिंटमध्ये काय चुकलं ते बोलायची टीमची बैठक) तर हमखास रद्द होतो, आणि सुधारणा ठरवायची जागा तीच आहे.

गडभटक्या
बंगळुरूकर, डेलीबद्दल शंभर टक्के सहमत.

अबोली, तुम्ही टेस्टिंग केलंय, म्हणजे माझ्या अटीत तुम्ही बसताच. माझा विरोध अनुभवाच्या जागी कागद ठेवण्याला आहे. आणि या पदाचं पुढे काय होणार तेही बघा. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अकराशेहून जास्त अजाइल (स्क्रमसारख्या पद्धती चालवणारी) पदं काढून टाकली आणि ते काम इंजिनिअर व प्रॉडक्ट मॅनेजर यांच्याकडे दिलं. नुसत्या मीटिंगा लावणाऱ्याला कंपनी किती दिवस पोसेल?

मोरपीस
सगळी सर्टिफिकेटं एकाच मापाने मोजू नका. स्क्रम घडवणाऱ्या दोघांपैकी केन श्वेबर यांनी २००९ मध्ये स्क्रम अलायन्स सोडून स्क्रम डॉट ऑर्ग सुरू केलं. त्यांच्या पीएसएम-१ या स्क्रम मास्टरच्या परीक्षेला कोर्सची सक्ती नाही. ६० मिनिटांत ८० प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के, नूतनीकरण नाही. घरी अभ्यास करणाऱ्याला ही वाट जास्त न्याय्य आहे. अर्थात रेट्रोत दोन जण भिडले तर काय करायचं, ते याही परीक्षेत कळत नाही.

अबोली
गडभटक्या, स्क्रम मास्टरचं काम टीमच्या लीडकडे गेलं तर रेट्रोत खरं कोण बोलणार? ज्याच्या हातात आपलं अप्रेझल, त्याच्यासमोर 'तुमच्या घाईमुळे रिलीज फसला' असं कुणी म्हणेल? मी रेट्रो घेते तेव्हा लीडही टीमबरोबर कार्ड लिहितो. तो घेऊ लागला की बोर्डावर फक्त 'सहकार्य चांगलं होतं' एवढंच येतं.

गडभटक्या
अप्रेझलचा मुद्दा मान्य. तर मग माझी अट अशी: स्क्रम मास्टर टीमच्या कामातून आलेला हवा आणि त्या टीममधल्या कुणाचंही अप्रेझल त्याच्याकडे नको. सर्टिफिकेट असलं तर चांगलंच, नसलं म्हणून अर्ज बाजूला टाकू नये.

अबोली
पहिल्या अटीतलं 'कामातून आलेला' यात बिझनेस अॅनालिस्ट आणि सपोर्टवाले धरणार असाल तर सहमत. नाहीतर नाही.