मोटन हायस्कूलचा 1951 चा संप: नेतृत्व घडवले कोणी, विद्यार्थी परिषदेने की रंगमंचाने?

पडद्यामागचा (धागाकर्ता)

23 एप्रिल 1951 रोजी सकाळी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिल गावी, रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूलचे मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना दूरध्वनी आला की, आपल्या शाळेची दोन मुले बस स्थानकावर पोलिसांच्या तावडीत सापडली आहेत. ते घाईने बाहेर पडले, आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच सर्वांनी सभागृहात जमावे अशा चिठ्ठ्या वर्गावर्गांत पोहोचल्या. चिठ्ठीखाली मुख्याध्यापक करीत तसेच आद्याक्षर होते. 450 हून अधिक मुले घडीच्या खुर्च्यांवर येऊन बसली. पडदा सरकला तेव्हा मंचावर मुख्याध्यापक नव्हते, काही विद्यार्थी होते आणि त्यांच्यापुढे उभी होती 16 वर्षांची बार्बरा जॉन्स. तिने शिक्षकांना बाहेर जाण्यास सांगितले, पायातला बूट काढून आपटला आणि शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध संप पुकारला. तो दोन आठवडे चालला.

ही शाळा केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी होती. 1939 मध्ये ती 180 मुलांसाठी बांधली गेली आणि महायुद्धानंतर मुले वाढली तेव्हा नवी इमारत देण्याऐवजी आवारात डांबरी कागदाने मढवलेल्या लाकडी शेड उभारण्यात आल्या. त्यांत पाऊस गळे. थंडीत शेगडीजवळच्या मुलाला घाम फुटे आणि दाराजवळचा मुलगा कोट अंगातून काढत नसे. व्यायामशाळा नव्हती, उपाहारगृह नव्हते. गावातल्या गोऱ्या मुलांच्या हायस्कूलमध्ये दोन्ही होते.

बार्बरा विद्यार्थी परिषदेत होती, गायनवृंदात होती आणि नाट्यमंडळातही होती. माझे म्हणणे असे की त्या सकाळचे नेतृत्व घडले ते नाट्यमंडळात. परिषद मुलांना ठराव करायला शिकवते, गुणपत्रक मान खाली घालून बसायला शिकवते. पण कोणी केव्हा विंगेतून बाहेर यायचे, पडदा कोणत्या क्षणी सरकवायचा, प्रेक्षागृहात कुजबुज सुरू होण्याआधी पहिले वाक्य कसे फेकायचे, हे ज्ञान तालमीतूनच येते. ती सकाळ म्हणजे आरंभापासून अंतापर्यंत बसवलेला प्रयोग होता. शाळेत नाटकाला करमणूक मानणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

सनावळी

लेख वाचनीय आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. बार्बराने सर्वप्रथम ज्यांना विश्वासात घेतले ती नाट्यमंडळातील मंडळी नव्हती. कॅरी स्टोक्स ही विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष होती आणि तिचा भाऊ जॉन स्टोक्स वरच्या वर्गात सर्वांच्या आदरास पात्र ठरलेला विद्यार्थी होता. क्रीडांगणाच्या पायऱ्यांवर बसून या मोजक्या मुलांनी काही महिने खलबते केली. आपल्या बेताला त्यांनी गुप्त नाव दिले होते ‘मॅनहॅटन प्रकल्प’, म्हणजे अणुबॉम्ब बनवण्याच्या अमेरिकेच्या गुप्त योजनेचेच नाव. हिरोशिमाला सहा वर्षेही झाली नव्हती आणि गुपित राखण्याचा वस्तुपाठ म्हणून त्या पिढीला अणुबॉम्बच आठवला, हे मला फार बोलके वाटते.

आता विचार करा. बेत इतके महिने फुटला नाही, यामागे अभिनयकौशल्य होते की निवडून आलेल्या प्रतिनिधींची परस्परांवरची निष्ठा? संपाच्या दिवशीच नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या वकिलांना पत्र गेले, त्यावर बार्बराबरोबर कॅरीची सही आहे. शिवाय पालक-शिक्षक संघ आणि गावातले पाद्री रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांनी शाळा मंडळाकडे त्याआधी कितीतरी खेटे घातले होते. वाफ आधीच कोंडली होती. त्यावर झाकण कसे उडाले याचेच वर्णन करत बसलो तर चूल कोणी पेटवली ते विसरायला होते.

व्हर्जिनियावासी

मी या राज्यात बावीस वर्षे राहतो. मोटन शाळेची ती जुनी इमारत आता संग्रहालय आहे आणि सभागृह पाहता येते. धागाकर्त्यांनी गुणपत्रकाला एका वाक्यात निकालात काढले, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

युद्धोत्तर अमेरिकन हायस्कूलमध्ये मानसन्मानाची एक संपूर्ण उतरंड होती. वर्गाचा अध्यक्ष, परिषदेचा अध्यक्ष, शेवटच्या वर्षाच्या नाटकातली प्रमुख भूमिका, आणि या सर्वांच्या वर नॅशनल ऑनर सोसायटीचे सदस्यत्व. ही संस्था 1921 मध्ये मुख्याध्यापकांच्याच संघटनेने स्थापन केली आणि तिच्या कसोट्या चार: विद्वत्ता, नेतृत्व, सेवा आणि चारित्र्य. निवड अर्थातच शिक्षक करतात. म्हणजे ‘नेतृत्व’ हा गुण शिक्षकांच्या दृष्टीला पडेल आणि पसंत पडेल अशाच रूपात असावा लागतो. मुख्याध्यापकांच्या सहीची नक्कल करणाऱ्या मुलीला ‘चारित्र्य’ या सदरात किती गुण मिळाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण याच नाण्याची दुसरी बाजू धागाकर्त्यांच्या नजरेतून सुटली आहे. संपाची बातमी घरोघरी पोहोचली तेव्हा पालक आपल्या पाल्यांच्या मागे का उभे राहिले? ‘टवाळ पोरांचा धुडगूस’ असे म्हणायला कोणाला जागाच नव्हती, कारण पुढे उभी असलेली मुले अभ्यासू, चर्चमध्ये नियमाने जाणारी आणि परिषदेवर निवडून आलेली होती. शाळेने दिलेली प्रतिष्ठा त्यांनी शाळेच्याच व्यवस्थेविरुद्ध खर्ची घातली. आधी गाठीला होती म्हणूनच ती खर्चता आली.

जाता जाता एक नोंद. 1950 च्या दशकाच्या अखेरीस समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी इलिनॉय राज्यातील दहा हायस्कूलांचा अभ्यास केला. आपण हुशार विद्यार्थी म्हणून लक्षात राहावे, उत्तम खेळाडू म्हणून की सर्वांचे लाडके म्हणून, या प्रश्नाला मुलग्यांनी सर्वाधिक पसंती खेळाडूला दिली. नाटक त्या पर्यायांत नव्हतेच.

खडू-फळा

एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले असल्यामुळे हा धागा वाचताना मला सारखे अवघडल्यासारखे होत आहे, आणि ते स्पष्टपणे सांगणे मला योग्य वाटते.

पोलिसांच्या नावाने खोटा दूरध्वनी करणे आणि मुख्याध्यापकांची सही ठोकून चिठ्ठ्या फिरवणे, याला आपण सर्वजण ‘प्रयोग’ म्हणून टाळ्या वाजवत आहोत. त्या प्रयोगाच्या तिकिटाचे पैसे कोणी भरले? मुख्याध्यापक जोन्स यांची नेमणूक पुढे कायम ठेवली गेली नाही. बार्बराला जिवाच्या भीतीने आईवडिलांनी अलाबामातील माँटगोमेरीला काकांकडे पाठवले. आणि 1959 मध्ये न्यायालयाने मिश्र शाळा उघडण्याचा आदेश दिला, तेव्हा फार्मव्हिल ज्या जिल्ह्यात येते त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने आपल्या सर्व सार्वजनिक शाळांना कुलूप ठोकले, ते 1964 पर्यंत उघडले नाही. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, कृष्णवर्णीय मुलांपैकी काही नातेवाइकांकडे परगावी गेली आणि बाकीची घरी बसली. 1959 साली पहिलीत जाणारे मूल पाच वर्षे सार्वजनिक शाळेचे तोंड न पाहता दहा-अकरा वर्षांचे झाले. त्या मुलाने ना परिषदेवर निवडून यायचे ठरवले होते, ना नाटकात काम करायचे.

मुलांनी अन्याय सोसावा असे मी म्हणत नाही. परंतु माझ्या वर्गात एकदा एका गुणी मुलीने स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी वर्ग सुटावा म्हणून माझीच सही करून चिठ्ठी दुसऱ्या शिक्षिकेकडे धाडली होती. मी तिला शिक्षा केली आणि आजही करीन. नेतृत्वाच्या नावाखाली हे क्षम्य ठरवायचे असेल, तर सीमा कोठे आखायची ते धागाकर्त्यांनी सांगावे.

पडद्यामागचा

खडू-फळा बाई, आपला प्रश्न टाळण्यासारखा नाही.

प्रथम शाळाबंदीविषयी. ते कुलूप काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने ठोकले. त्याचे पाप 1951 च्या मुलांच्या पदरात टाकणे म्हणजे आग लावणाऱ्याला सोडून धूर दिसल्याचे ओरडणाऱ्याला धरणे होय. त्या मुलांची पाच वर्षे गेली हे खरे, आणि ती कोणी खाल्ली हेही तितकेच खरे आहे.

दूरध्वनीविषयी मात्र आपण एक गोष्ट लक्षात घ्यावी अशी विनंती आहे. मुख्याध्यापक शाळेत असते तर त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरले असते: सभा मोडायची, किंवा ती होऊ दिल्याचा ठपका घ्यायचा. त्यांची नोकरी गोऱ्या शाळा मंडळाच्या हातात होती. सभा चालू असताना ते परतले आणि त्यांनी संप करू नये म्हणून मुलांना विनवले, तेव्हा मुलांनी त्यांना आदराने सांगितले की आपण आपल्या कार्यालयात जावे. माझ्या वाचनाप्रमाणे त्या बनावाचा निम्मा हेतू त्यांना आरोपातून बाहेर ठेवण्याचा होता. तो पुरता साधला नाही, हे आपले म्हणणे मान्य. आपल्या विद्यार्थिनीने तालमीसाठी तास बुडवला. इथे मुलांनी तास मिळावा, तोही न गळणाऱ्या छपराखाली मिळावा, म्हणून बाक सोडले.

एक तपशील लिहायचा राहिला होता. बार्बराने आपली तक्रार संगीताच्या शिक्षिका इनेझ डेव्हनपोर्ट यांच्याकडे केली होती, आणि ‘मग तूच काही का करत नाहीस?’ अशा अर्थाचे उत्तर तिला मिळाले होते. म्हणजे ठिणगी पडली ती संगीताच्या शिक्षिकेकडूनच. परिषदेकडून नव्हे, असे मी सनावळींना सुचवू इच्छितो.

तिसरी घंटा

मी गेली पंधरा वर्षे हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो, त्यामुळे नाटकाची बाजू मी घेईन असे वाटणे साहजिक आहे. पण धागाकर्त्यांचा युक्तिवाद मला पटलेला नाही.

शाळेच्या नाटकात संहिता मोठ्यांनी निवडलेली असते, दिग्दर्शन शिक्षक करतात, आणि ‘दोन पावले पुढे ये, मग बोल’ असे सांगितले की मूल दोन पावले पुढे येऊन बोलते. यात आज्ञापालनच अधिक आहे. तालमीने नेते घडत असते तर आमच्या संस्थेत आजवर निदान एकाने तरी वेळेवर येण्याचे बंड केले असते.

तरीही नाट्यमंडळ आणि गायनवृंद यांचा संपाशी संबंध आहे, तो वेगळ्याच जागी. या उपक्रमांच्या निमित्ताने बार्बरा इतर गावांच्या शाळांत जात असे. तिथे तिने काय पाहिले असेल? ज्यात खुर्च्या उचलाव्या लागत नाहीत असे सभागृह. आपल्या मोटनमध्ये सभागृहातच वर्गही भरवावे लागत होते, म्हणजे तालमीसाठी आधी वर्ग हलवा, खुर्च्या मांडा, मग घड्या घाला. मुलांच्या हाती हे काम असले की कोणती वस्तू कोठे आहे, कोणते दार कोठे उघडते, किती मिनिटांत सारे जण बसतात, हे हाडीमाशी भिनते. शिवाय परगावी जाऊन आले की तुलना सुरू होते. संवाद पाठ करण्यापेक्षा त्या दौऱ्यांनी आणि त्या खुर्च्यांनी तिला अधिक शिकवले, असे माझे मत आहे.

अशीच तुलना तिला घराच्या वाटेवरही भेटली होती. एका सकाळी तिची बस चुकली, ती रस्त्याकडेला उभी राहिली, आणि गोऱ्या मुलांची निम्मी रिकामी बस तिच्यासमोरून निघून गेली.

सनावळी

तिसरी घंटा यांचा प्रतिसाद या धाग्यातील सर्वांत नेमका आहे. मी माझे म्हणणे थोडे सौम्य करतो, मात्र एका प्रश्नावर कोणीच बोललेले नाही: संपानंतर नेतृत्व कोणाकडे राहिले?

मुलांची मागणी नव्या इमारतीची होती. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील 25 एप्रिलला आले, आणि विभक्त शाळांची पद्धतच रद्द करण्याची मागणी करणार असाल तरच खटला लढवू, असे त्यांनी सांगितले. मुलांनी आणि पालकांनी ते स्वीकारले. 23 मे 1951 रोजी 117 विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. त्यात पहिले नाव नववीतील डोरोथी डेव्हिस हिचे असल्यामुळे खटला तिच्या नावाने ओळखला जातो. पुढे तो इतर राज्यांतल्या अशाच दाव्यांसह ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या खटल्यात समाविष्ट झाला आणि 17 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून जन्मलेला हा एकच.

गंमत अशी की 1953 मध्ये काउंटीने कृष्णवर्णीय मुलांसाठी नवे मोटन हायस्कूल बांधूनही दिले. म्हणजे मंचावरून जे मागितले ते मुलांना मिळाले, आणि तोवर त्यांची मागणी पुढे निघून गेली होती. नाटकाच्या भाषेत बोलायचे तर दुसरा अंक त्यांनी लिहिलेला नव्हता, पण पात्रे म्हणून आपली खरी नावे देण्याचे धैर्य त्यांचेच होते. दाव्यात नाव छापून येणे म्हणजे वडिलांचे कर्ज, आईची नोकरी, सारे पणाला लावणे होते.

व्हर्जिनियावासी

बार्बराविषयी थोडे, कारण तिचे पुढे काय झाले असे एकाने व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे. माँटगोमेरीचे ते काका म्हणजे व्हर्नन जॉन्स, तेथील डेक्स्टर ॲव्हेन्यू चर्चचे पाद्री. 1954 मध्ये त्यांच्या जागी मार्टिन ल्यूथर किंग आले. शालेय शिक्षण तिने तिथेच पूर्ण केले, त्यामुळे मोटनच्या पदवीदान समारंभात ती कधी उभी राहिली नाही. पुढे विवाह, मुले, 1979 मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाची पदवी आणि फिलाडेल्फियाच्या शाळांत ग्रंथपालाची नोकरी. 1991 मध्ये तिचे निधन झाले. अमेरिकन संसद भवनातील व्हर्जिनियाचा जनरल रॉबर्ट ली (यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचे सेनापती) यांचा पुतळा डिसेंबर 2020 मध्ये हलवण्यात आला आणि त्या जागेसाठी राज्याच्या आयोगाने तिची निवड केली.

खडू-फळा

धागाकर्त्यांचे उत्तर दोनदा वाचले. चिठ्ठीविषयीचे माझे मत मी बदलत नाही. शिक्षकाची सही ही शिक्षकाचीच असते, आणि त्या सकाळी वर्गावर्गांत ज्या शिक्षकांनी ती खरी मानून मुलांना रांगेत सभागृहाकडे नेले, त्यांना काय वाटले असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही. दूरध्वनीबद्दल मात्र ‘खोटा’ हा शब्द मी मागे घेते. मुख्याध्यापकांना शाळेबाहेर पाठवणारी ती मुले कदाचित त्यांच्या नोकरीची काळजी शाळा मंडळापेक्षा अधिक करत होती.