मदत हवी आहे: १७७३ चे पहारेकरी आणि १९६१ चा पूर एका टेबलावर कसे आणू?

मंडळी, दर रविवारी सदाशिव पेठेत आमचे दोन गट खेळतात. दोन्हीकडे खेळ मीच चालवतो.

सकाळचा गट डी अँड डी (फासे टाकून पात्रं खेळवायचा, तलवारी-जादूचा खेळ) पाचवी आवृत्ती. ३० ऑगस्ट १७७३, नारायणरावांचा खून नुकताच झालाय आणि शनिवारवाड्याचे हे चार पहारेकरी गारद्यांच्या हातून सुटून नदीकडे पळतायत. संध्याकाळचा गट कॉल ऑफ कथुलू (तसाच खेळ, पण भयकथांचा) सातवी आवृत्ती. ११ जुलै १९६१, पानशेत धरणाची भिंत खचतेय. दोघांची गाठ ओंकारेश्वराच्या घाटावर घालायची आहे, देऊळ दोन्ही काळांत आहेच. इथवर माझी हुशारी चालली.

आता घोळ. पहारेकरी पाचव्या लेव्हलचे, चाळीसेक हिट पॉइंट (मार सोसायची ताकद). कथुलूवाल्यांचे जेमतेम दहा-बारा. एका गोळीत हे आडवे, ते नुसते खरचटलेले.

खरी अडचण वेगळी. १२ जुलै, म्हणजे पुराचा दिवस, पुण्यात कोणाला शिकवावी लागत नाही. एकाची आजी अजून भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर आलं ते दाखवते. भेटल्या भेटल्या सगळे म्हणणार, "चला, धरण वाचवू." नाही म्हटलं तर रेलरोडिंग, म्हणजे खेळाडूंना माझ्याच कथेच्या रुळांवर ढकलणं. हो म्हटलं तर पूरच नाही, आणि आमचा एक खेळाडू राहतो गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत. त्याचं घरच गायब!

काय करू?

प्रतिसाद १

दोन सिस्टिम शिवत बसू नका. या भागापुरतं सगळं कथुलूत खेळा, पहारेकऱ्यांना तयार कॅरेक्टर शीट (पात्राच्या कौशल्यांचा तक्ता) द्या. तलवार ६०-७० टक्के, बंदूक त्यांच्या काळातली, मोटार चालवणं शून्य. पीएमटीची बस दिसली की सॅनिटी रोल, म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं का याचा फासा (हा मी तरी सोडणार नाही).

धरणाचं म्हणाल तर जाऊ द्या की त्यांना पानशेतला. आदल्या रात्री जवानांनी तिथे वाळूची पोती रचली होती. भिंत रात्रभर टिकली, सकाळी फुटली. रात्री झोपेत पाणी आलं असतं तर? पोती कमी पडतायत, माणसं कमी पडतायत, तिथे यांना उतरवा. प्रत्येक यशस्वी रोलला भिंत अर्धा तास जास्त टिकते.

धागाकर्ता

आयला, पोती विसरलोच होतो. म्हणजे रोल फसले तर धरण पहाटे तीनला फुटणार, आणि पेठांत सगळे झोपलेले. मग इतिहास बिघडवणारे हेच ठरतील! पण घाटावरून पानशेतला पहारेकऱ्यांना नेऊ कसं? ट्रकमध्ये चढतील का ते?