मदत हवी आहे: 'एलियन ३'ची कुठली आवृत्ती दाखवू? (रहस्यभेद आहे, न पाहिलेल्यांनी जपून)

राजारामपुरीकर:
मंडळी, आमच्या घरी शनिवारी जेवणं आटोपली की भिंतीवर सिनेमा लावतो. मित्र, चुलतभाऊ आणि वहिनी असतात. सध्या 'एलियन' ही अंतराळातल्या जीवघेण्या प्राण्याची सिनेमा-मालिका चालू आहे. १९७९चा रिडली स्कॉटचा पहिला भाग सगळ्यांनी जीव मुठीत धरून बघितला. १९८६च्या जेम्स कॅमेरूनच्या दुसऱ्याला तर तालमीत कुस्ती लागल्यागत आरडाओरडा. आता तिसरा, आणि इथंच घोडं अडलंय.

दुसऱ्यात नायिका रिप्ली जिवावर उदार होऊन न्यूट या लहान पोरीला त्या प्राण्यांच्या राणीच्या तावडीतून काढते. तिसऱ्यात सुरुवातीची नावं संपेपर्यंत न्यूटही मेलेली, तिच्यासोबत वाचलेला सैनिक हिक्सही मेलेला. वहिनींचा सगळा जीव त्या पोरीत. "पुढच्यात ती मोठी झाली असंल न्हवं, भाऊजी?" असं परवा विचारलं. मी विषय बदलला. वर न्यूटचं ते शवविच्छेदन! दाखवलंय कमी, ऐकवलंय जास्त.

मला स्वतःला हा भाग आवडतो. गोष्ट कैद्यांच्या ग्रहावर घडते; तिथल्या भट्टीत न्यूट-हिक्सची प्रेतं सोडताना डिलन हा कैदी बोलतोय आणि तिकडं तो प्राणी जन्माला येतोय, हा प्रसंग अख्ख्या मालिकेत वरचा. पण न्यूटच्या मरणानं चिडलेले लोक चुकतात असंही म्हणवत नाही.

माझ्याकडे २००३चा डीव्हीडी संच आहे, त्यात दोन्ही आवृत्त्या आहेत. १९९२ची थिएटरातली, पावणेदोन तासांवर थोडी, आणि दुसरी अर्धा तास जास्तीची. सांगा:

कुठली लावू? वहिनींना न्यूटचं आधी सांगू का? शिवाय वहिनींसाठी मराठी सबटायटल मीच टाइप केलीत, तीही १९९२च्या आवृत्तीवर. मोठी लावली तर सगळं परत करायचं काय?

पंचगंगा_घाट:
भावा, डोळे झाकून मोठी लाव. थिएटरच्या आवृत्तीत गोलिक हा डोकं फिरलेला कैदी अर्ध्यातून गायबच होतो, कुठं गेला पत्ता नाही. मोठीत कैदी त्या प्राण्याला कोंडतात आणि हाच येडा जाऊन दार उघडतो. मग कुठं पुढच्या गोंधळाला अर्थ येतो. तिथला डॉक्टर क्लेमेन्सला रिप्ली समुद्रकिनारी सापडते तो भागही त्यातच. आणि तो प्राणी कुत्र्याऐवजी बैलातून जन्मतो.

साधा_प्रेक्षक:
असहमत. पहिल्यांदा बघणाऱ्याला १९९२चीच दाखवा. मोठी मध्ये रेंगाळते, रात्री अकराला लावली तर निम्मे घोरतील. आणि ही काही दिग्दर्शकाची आवृत्ती नव्हे. डेव्हिड फिंचरचा हा पहिलाच सिनेमा. स्टुडिओशी त्याचं इतकं फाटलं की २००३च्या कामात तो आलाच नाही. दुसऱ्यांनी जुळवलेलं आहे ते. वहिनींना काही सांगू नका, तो धक्का म्हणजेच सिनेमा.

तांबडा_रस्सा:
धक्का तुम्हाला हवाय, वहिनींना नकोय. त्या माउलीला आधी सांगा. लहान पोरीच्या शवविच्छेदनाला कुणालाही बेसावध बसवू नये.

सबटायटलचं: व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सगळ्या ओळी एकदम पुढं-मागं सरकवता येतात, पण इथं उपयोग नाही. जादा प्रसंग अध्येमध्ये आहेत, दर वेळी फरक वाढत जाणार. 'सबटायटल एडिट' हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. जिथं नवा प्रसंग संपतो तिथली ओळ निवडून तिच्यासकट पुढच्या सगळ्या सरकवा. असं प्रत्येक प्रसंगाला करायचं. नव्या संवादांचं भाषांतर मात्र करावंच लागेल.

पंचगंगा_घाट:
@साधा_प्रेक्षक, जुळवलेली का असेना, गोष्ट लागते की नाही? थिएटरच्या शेवटी रिप्ली भट्टीत पडताना तिच्या अंगात वाढलेला तो जीव छाती फोडून बाहेर येतो. मोठीत नाही येत, ती एकटी जाते. मला तेच जास्त भिडतं.

साधा_प्रेक्षक:
शेवटाचं मान्य. बैलाचं नाही.

राजारामपुरीकर:
धन्यवाद मंडळी. वहिनींना न्यूटचं सांगून टाकलं. दोन मिनिटं त्या सिनेमा काढणाऱ्याला अस्सल कोल्हापुरी शिव्या दिल्या. मग म्हणाल्या, "पोरीचं झालं की मला हाक मारा. रिप्ली त्याला कशी सोडत न्हाई ते बघायला येते."

म्हणजे मोठीच लावतोय. 'सबटायटल एडिट' उतरवलंय, आज गोलिकच्या बडबडीपर्यंत पोचलो. त्याच्या तोंडी मराठी शिव्या कुठल्या घालू तेवढं सुचवा, वहिनींसमोर चालतील अशा.