मोहल्ल्यातल्या क्लबच्या मॅचला दहा रुपये तिकीट लावावं का?

गोलपोस्टमागे

उत्तर नागपुरातल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचा जमाखर्च मी सहा वर्षांपासून पाहतो. मागच्या महिन्यात आमची सेमीफायनल होती. मध्यंतरात मैदानाला एक फेरी मारून माणसं मोजली, ७७ भरली. त्यातले १९ पुढच्या मॅचचे खेळाडू, बूट बांधत बसलेले. बाकी बहुतेक आमच्या नाही तर समोरच्या पोरांचे भाऊ, मित्र, शेजारी. दोन्ही क्लबशी काडीचा संबंध नाही आणि तरी मॅच पाहायला आले, असे फक्त ४ जण सापडले.

आपल्याकडे खेळणाऱ्यांची वाण नाही. विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली आणि २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं, ते इथंच. शेजारच्या कामठीची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी. खेळणारे तयार झाले, पाहणारे मात्र तयार झाले नाहीत.

माझा प्रस्ताव असा. मॅचला १० रुपये तिकीट. वर्षाचं २०० रुपयांचं सभासद कार्ड. आणि कार्ड असलेल्याला वार्षिक सभेत मत.

फुकट बोलावून माणूस येतो, पण टिकत नाही. जून २०१८ आठवा. मुंबईत भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, कप्तान सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली आणि पाहायला होते जेमतेम अडीच हजार लोक. मग त्यानं व्हिडिओ टाकून हात जोडले. पुढची केनियाची मॅच, त्याची शंभरावी, हाऊसफुल झाली. देशाच्या कप्तानानं विनवल्यावर लोक एका संध्याकाळसाठी आले. आपल्याला कोण विनवणारा आहे, आणि दर आठवड्याला कितीदा विनवणार?

याउलट इंग्लंडमधल्या विम्बल्डनचं पाहा. २००२ मध्ये त्यांचा क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खूप खालच्या पायरीपासून खेळत २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये जुन्या भागात, प्लाव लेनला, परतला. मालकी समर्थकांचीच. क्लब आपला आहे हे ज्याला कागदावर माहीत असतं, तो हरल्यावरही पुढच्या मॅचला येतो.

---

डावी बाजू

मी १४ वर्षं लेफ्ट बॅक खेळलो आणि आता पोरांना शिकवतो. तुमच्याशी अजिबात सहमत नाही.

पहिली गोष्ट, तिकीट कुठं फाडणार? आपल्या लीगच्या निम्म्या मॅच चारही बाजूंनी उघड्या मैदानांवर होतात. रस्त्याच्या कडेला गाडी स्टँडवर लावून सीटवर बसलेला माणूस हाच आपला प्रेक्षक. दहा रुपये मागितले तर तो किक मारून निघून जाईल आणि परत यायचा नाही.

दुसरं, विम्बल्डनचं उदाहरण इथं लागूच होत नाही. त्यांच्याकडे समर्थक होते, क्लब नव्हता. आपल्याकडे क्लब आहे, समर्थक नाहीत. त्यांचं औषध घेऊन आपला ताप उतरणार नाही.

माणसं चांगला खेळ पाहायला येतात. विदर्भानं २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली, त्याच्या आधी रणजीच्या मॅचबद्दल पानटपरीवर कोणी बोलत होतं का? जिंकल्यावर बोलायला लागले. आपला चांगला पोरगा मात्र जरा चमकला की मुंबई नाही तर पुण्याचा क्लब धरतो. त्याला इथं थांबवायला पैसा लागतो. तो पैसा एखाद्या दुकानदाराकडून, बिल्डरकडून आणा. दहा-दहा रुपये गोळा करून स्ट्रायकर थांबत नाही.

---

कामठी रोड

भाऊ, रणजी जिंकली तरी आजही रणजीच्या स्टँडमध्ये किती माणसं दिसते ते एकदा जाऊन पाहा. लोकं बोलते, येत नाही.

मी कामठीचा. छावणी १८२१ ची, तवापासून गोरे सोल्जर आले नं त्यांच्यासंगं हा खेळ पण आला, असं आमचे म्हातारे सांगे. मी लहान होतो तवा मोठ्या मॅचच्या दिवशी दुपारून दुकानं अर्ध्या शटरवर राहे. बाप मले खांद्यावर घेऊन जाये. तिकीट नव्हतं. हाफटाइमले चादर फिरे. दोघं जण चादर चारी टोकं धरून मैदानाच्या कडेकडेनं चालत, नं ज्याच्या मनात जे असन ते तो टाके. कोणी चाराणे, कोणी पाच रुपये. एक म्हातारा विणकर होता, तो दर मॅचले टाके. टाकून झाल्यावर गोलकीपरले नावानं हाक मारे, "माझे पैसे वाया जाऊ देऊ नको बेटा."

आता ते लोकं काऊन येत नाही? टीव्हीनं नाही, मोबाइलनं नाही. तेव्हा टीमचे अकरापैकी नऊ पोरं त्याच मोहल्ल्यातले राहे. आता दर सीझनले नोंदणी बदलते. मागच्या वर्षी ज्यानं आपल्याले हरवलं, या वर्षी तोच आपला सेंटर फॉरवर्ड. पुढच्या वर्षी तो अजून तिसरीकडे. मग माणसानं टाळी कोणासाठी वाजवायची, जर्सीच्या रंगासाठी?

म्हणून मी दोघांच्याही विरोधात. तिकीट नको आणि बिल्डरचा पैसा तर नकोच, कारण त्या पैशानं बाहेरचेच पोरं येतीन. मोहल्ल्यातले पाच पोरं टीममध्ये पक्के ठेवा, हरले तरी ठेवा.

---

डावी बाजू

हरले तरी ठेवा म्हणणं सोपं आहे. रेलीगेट होऊन खालच्या गटात गेल्यावर त्याच मोहल्ल्यात तोंड दाखवणं कठीण असतं, ते मी केलं आहे. आणि ज्या पोराला दुसरा क्लब बूट आणि मॅचमागे चार पैसे देतो, त्याला "तू मोहल्ल्याचा" म्हणून अडवायचं हे मला पटत नाही. त्याच्या घरी चूल पेटायची आहे.

---

मिडफिल्डरची आई

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, मुलींच्या संघात मधल्या फळीत खेळते. मी जवळपास प्रत्येक मॅचला असते. मुलींची असो की मुलांची, मला आता खेळच आवडायला लागलाय.

इथं तिकिटावर वाद चाललाय, पण बाईमाणसानं तीन तास त्या मैदानावर काढायचे कसे, हे कोणी विचारलं का? संडास नाही. असला तर कुलूप, आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नसतं. सावली नाही. मार्चमध्ये दुपारी साडेतीनची मॅच म्हणजे काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. वेळ साडेतीनची सांगतात आणि आधीची मॅच लांबली म्हणून पावणेपाचला सुरू करतात. सहानंतर अंधार पडायला लागतो, लाइट नाहीत, की मॅच गुंडाळली. आणि शिव्या. खेळाडूंच्या नाही, कडेला उभ्या असलेल्यांच्या. माझ्या मुलीसमोर.

मागच्या हंगामात एका क्लबच्या पोरानं प्लास्टिकची खुर्ची आणून झाडाखाली ठेवली आणि म्हणाला, "काकू, तुम्ही त्या दिवशी पण आल्या होत्या ना, इथं बसा." त्याला मी आठवत होते! तो आमच्या मुलीचा क्लबही नाही. पण त्यानंतर मी त्यांच्या तीन मॅच पाहायला गेले.

२०० रुपये मी आज देते. आधी किल्ली शोधा.

---

पंचगंगा ते नाग नदी

मूळ कोल्हापूरचा, नोकरीमुळे नऊ वर्षं नागपुरात. महाराष्ट्रात तिकीट काढून लोक स्थानिक फुटबॉल पाहत नाहीत असं कोणाला वाटत असेल तर एकदा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच पाहा. हजारोंनी लोक, सगळे तिकीट काढून. त्यात कोणी आंतरराष्ट्रीय खेळाडू नसतो.

क्लब तालमीचा असतो, हे त्याचं कारण. तीच तालीम गणपती बसवते, तीच पेठेत कोणाच्या घरी काही झालं तर धावून जाते. पोरगा समर्थक होत नाही, तो त्या पेठेत जन्मलेलाच असतो. डावी बाजू म्हणतात खेळ चांगला हवा. आमच्याकडे कित्येक मॅच रटाळ होतात आणि तरी गॅलरी भरते.

पण त्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. त्याच इरेपायी हाणामाऱ्या झाल्या, दगड पडले, मॅच थांबवाव्या लागल्या. मी स्वतः दहावीत असताना भावाच्या कपाळावर टाके घालून आणलेत. ज्या काकूंनी वर लिहिलंय त्यांना मी त्या गर्दीत घेऊन जाणार नाही. माणसं जोडा, पण दुसऱ्या मोहल्ल्याच्या रागावर जोडू नका.

आणि नागपूरला तालमी नसतील, पण मारबत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा महाल-इतवारीत मुंगीला वाट मिळत नाही. वर्षातून एक दिवसासाठी महिनाभर बडगे, म्हणजे त्या मिरवणुकीतले पुतळे, बांधणारी मंडळं इथं गल्लोगल्ली आहेत. फुटबॉल क्लबची माणसं त्या मंडळांत कधी जाऊन बसली आहेत का?

---

रात्रीचा डाव

मी २१ वर्षांचा. रात्री जागून इंग्लंडच्या मॅच पाहणाऱ्या पोरांना स्थानिक फुटबॉलची किंमत नाही, असं मैदानावर मला तोंडावर ऐकवलं गेलंय, म्हणून लिहितोय.

तिथल्या एका मधल्या दर्जाच्या संघाच्या राखीव गोलकीपरचंही नाव मला माहीत आहे. तो कुठून आला, कोणत्या दुखापतीतून उठला, सगळं. मागच्या रविवारी मी तुमच्या मॅचला आलो होतो. नऊ नंबरनं असा एक टर्न घेतला की मी उभा राहिलो. शेजारच्याला विचारलं, हा कोण? त्यालाही माहीत नाही. जर्सीवर नाव नाही, स्कोअर किती ते विचारत बसावं लागतं. मॅच कधी आहे ते आदल्या रात्री कोणाच्या तरी स्टेटसवरून कळतं, आणि मैदान बदललेलं असतं.

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवत नाहीत, लहान क्लबची गॅलरी रिकामी पडू नये म्हणून. आपल्याला तर तसल्या नियमाचीही गरज नाही, त्यांच्या मॅच आपल्याकडे संध्याकाळनंतर असतात. रविवारची सकाळ पूर्ण मोकळी आहे. अख्खं नागपूर सात वाजता तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं असतं. साडेसातला मॅच ठेवा, ठेला गेटवर लावा. ऊनही नाही आणि अंधारही नाही.

---

डावी बाजू

पोरा, तुझं नावांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. रविवार सकाळ मात्र जमत नाही. आमच्या संघात चार ख्रिस्ती पोरं आहेत, रविवारी सकाळी त्यांची मिस्सा असते. दोघं बाजारात हमाली करतात, शनिवारी रात्री दोनला घरी येतात. कोणत्याही क्लबची यादी काढा, असंच निघेल. पाहणाऱ्याच्या सोयीसाठी खेळणाऱ्याला पिळायचं का?

---

मिडफिल्डरची आई

मिस्सा संपल्यावर साडेनऊला ठेवा. नोव्हेंबर ते जानेवारी नऊचं ऊन गोडच लागतं. फेब्रुवारीनंतर पुन्हा संध्याकाळ. पण जी वेळ सांगाल ती पाळा.

---

गोलपोस्टमागे

सगळं दोनदा वाचलं. उघड्या मैदानावर तिकीट फाडता येणार नाही, हे मान्य. ते मी मागे घेतो. कामठी रोड यांची चादर त्याहून चांगली आहे, कारण चादर घेऊन जाणाऱ्याला प्रत्येकासमोर जावं लागतं, नमस्कार करावा लागतो. सहा वर्षांत मी मैदानावर कोणालाच नमस्कार केलेला नाही, वहीत डोकं घालून बसलो.

संडासाची किल्ली मी आज विचारली. ती मैदानाच्या चौकीदाराकडे असते आणि तो चारला घरी जातो. पुढच्या मॅचला ती माझ्या खिशात असेल.

बाहेरच्या पोरांबद्दल मला कामठी रोड यांचं पूर्ण पटत नाही. आमचा सगळ्यात लाडका खेळाडू बाहेरचाच आहे, तीन वर्षं झाली, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या त्याला जेवायला बोलावतात. पोरगा कुठला आहे यापेक्षा तो किती वर्षं थांबतो, यावर जास्त आहे. आणि थांबण्यासाठी पैसा लागतो, इथं डावी बाजूंचा मुद्दा येतो.

कार्ड आणि मत मात्र मी सोडणार नाही.

---

डावी बाजू

मग मीही सोडणार नाही. २०० रुपये देऊन शंभर जण मत देणार, आणि पहिल्याच सभेत कोणाचा भाचा टीममध्ये घ्यायचा यावर गट पडणार. असं होऊन एक चांगला क्लब फुटलेला मी पाहिलाय. बॉल विकत आणणारे, मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारे, रेफरीचं मानधन खिशातून देणारे आपण तिघं-चौघंच असतो. ज्यानं कधी गोलपोस्टला जाळी बांधली नाही त्याला मत का?

---

कामठी रोड

मग जो जाळी बांधन त्याले मत द्या. सीझनमध्ये पाच मॅचले येऊन काहीतरी काम केलं, चुना मारला, चादर धरली, पाणी भरलं, त्याचं कार्ड. २०० रुपये पाहिजे त घ्या, नाही त नका घेऊ.

---

डावी बाजू

हे ऐकण्यासारखं आहे. विचार करतो. पण चादरीत जमलेले पैसे कुठं गेले, हा प्रश्न तिसऱ्या मॅचलाच येईल. आमच्या वेळी आला होता, आणि त्याच्यावरूनच चादर बंद पडली. त्याचं काय?

---

कामठी रोड

खरं आहे. आमच्याकडे पण असंच झालं होतं. ते मी लिहिलं नाही वरती.

---

गोलपोस्टमागे

शाळेतला एक जुना फळा आमच्या ऑफिसच्या खोलीत पडून आहे. तो गेटजवळ झाडाला टेकवतो. वर अकरा पोरांची नावं, नंबर आणि प्रत्येकाची वस्ती. मॅच संपायच्या आत खाली चादरीत किती आले आणि मागच्या वेळचे कुठं गेले ते लिहायचं. अक्षर माझं वाईट आहे. रात्रीचा डाव, तू येशील का लिहायला?

---

रात्रीचा डाव

येतो. पण नऊ नंबरचं नाव आत्ता सांगा.